कोकणातल्या छोट्या कॉल सेंटरची फोन यंत्रणा : आंब्याचा हंगाम आणि पावसाळा काढल्यानंतर

आमचं काम आंब्याच्या पेट्यांचं बुकिंग आणि होमस्टेच्या चौकशा घेण्याचं. रत्नागिरी, देवगड आणि गुहागर अशी तीन ऑफिसं, प्रत्येकात दोन-चार टेबलं. मार्च ते मे फोन खाली ठेवायला उसंत नसते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला दोनदा फोन लागला नाही, तर ते सरळ दुसऱ्या बागायतदाराकडे जातं. हंगामाच्या आधी बसवलेली यंत्रणा आता गणपतीपर्यंत वापरून झाली आहे.

आमचा सगळ्यात चांगला ठरलेला निर्णय म्हणजे एक्स्चेंज, म्हणजे कॉल जोडून देणारी यंत्रणा, कोकणात ठेवलंच नाही. फ्रीपीबीएक्स हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आतून कॉल जोडणाऱ्या अ‍ॅस्टेरिस्कवर चालतं. परवानाधारक कंपनीची एसआयपी ट्रंकही, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोन लाईनही, तिथेच येते. ऑफिसांत फक्त आयपी फोन (इंटरनेटवर चालणारे) आणि राउटर. यंत्र रत्नागिरीत असतं तर तिथली लाईट गेल्यावर देवगड आणि गुहागरही मुके झाले असते. आता रत्नागिरी बंद पडलं की त्याच क्यूमधले (रांगेतले) कॉल देवगडला वाजतात आणि तिन्ही ऑफिसं गेली तर सर्व्हर ते ठरलेल्या मोबाईलवर वळवतो. जूनमधल्या एका वादळी दुपारी नेमकं हेच झालं. गिऱ्हाइकाला फक्त रिंग थोडी जास्त ऐकू आली.

कॉल सेंटर म्हटलं की लोक आधी सरकारी नोंदणीचं विचारतात. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने ती अट काढली आणि बँक गॅरंटीही रद्द केली. जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. छोट्या गावातल्या ऑफिसांना याचा खरोखर फायदा झाला आहे.

आता इंटरनेट. 'आमच्याकडे १०० एमबीपीएस आहे, तरी आवाज तुटतो' ही तक्रार इथे सगळीकडे ऐकू येते. जी.७११ या कोडेकवर (आवाज डिजिटल करून पाठवण्याच्या पद्धतीवर) एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात. म्हणजे दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आत भागतं. प्रश्न वेगाचा नसतोच, सातत्याचा असतो. ऑफिसातल्या कोणी बागेचे व्हिडिओ अपलोड करायला लावले की वर जाणारी लाईन भरते, आणि आवाजाची पाकिटं अरुंद घाटात ट्रेलरमागे अडकलेल्या रिक्षासारखी खोळंबतात. आम्ही ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारे राउटर घेतले आणि त्यात लाईनवरची गर्दी आवरणारं एसक्यूएम चालू केलं. अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवली. त्या दिवसापासून 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?' जवळजवळ बंद झालं. राउटरमध्ये फोनच्या पाकिटांत फेरफार करणारी एसआयपी एएलजी नावाची सोय असेल तर तीही बंद करा. मदतीच्या नावाखाली ती एकतर्फी आवाजाचा घोळ घालते.

प्रत्येक ऑफिसात फायबर आहे आणि जोडीला फोर-जी डोंगल. राउटरपासून सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा बोगदा, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी कुलूपबंद खाजगी वाट आहे. फायबर तुटून फोर-जीवर गेलं की बाहेरचा इंटरनेट पत्ता बदलतो, पण बोगद्याच्या आतला बदलत नाही. त्यामुळे चालू कॉल काही सेकंद गप्प होतो, पण तुटत नाही. दुसरा फायदा सुरक्षेचा. सर्व्हरचं फोनसाठीचं पोर्ट (आत येण्याचं दार) उघड्या इंटरनेटवर ठेवलं की पासवर्ड फोडायला येणाऱ्यांची रांग लागते, आणि कोणी आत शिरलं तर परदेशी कॉलचं बिल तुमच्या नावावर येतं. आमच्याकडे बाहेरून फक्त ट्रंक कंपनीच्या पत्त्याला वाट आहे. ट्रंकवरची आयएसडीही बंद करून घेतली आहे.

फोर-जीवर मात्र फार विसंबू नका. लाईट बराच वेळ नसली की टॉवरची बॅटरीही उतरते. म्हणून आमचा जास्त खर्च विजेवर झाला, आणि तो पुरेपूर वसूल झाला. फोनना पीओई स्विचमधूनच, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते, त्यामुळे फायबरचा मोडेम, राउटर आणि स्विच एवढी तीन यंत्रं इन्व्हर्टरवर ठेवली की अख्खं ऑफिस बोलत राहतं. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल उघड्यावरून कधीच नेऊ नका. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांनी अशा केबलच्या दोन्ही टोकांची पोर्टं जळतात. गुहागरला आम्ही तेवढ्या अंतरात फायबर टाकला.

खाऱ्या हवेचा उपद्रव हळूहळू कळतो. देवगडचं ऑफिस समुद्राकडे तोंड करून आहे. ऑगस्टमध्ये तिथला एक फोन अधूनमधून मरायला लागला. प्लग काढून पाहिला तर आतल्या बारीक धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. आता पावसाच्या तोंडावर सगळे प्लग नवे मारायचे आणि स्विच झाकणाच्या पेटीत ठेवायचा, असं ठरवलं आहे.

हेडसेटमध्ये काटकसर करू नका. गुहागरच्या ऑफिसवर पत्रे आहेत, आणि जुलैत पाऊस लागला की शेजारच्या टेबलाचं ऐकू येत नाही. साध्या हेडसेटवर गिऱ्हाईक विचारायचं, 'ताई, मशीन चालू आहे का मागे?' आवाज गाळणाऱ्या माइकच्या हेडसेटवर तोच पाऊस पलीकडे अगदी पुसट जातो. रोज सकाळी प्रत्येक टेबलावरून *४३ दाबून स्वतःचा आवाज परत ऐकायचा, ही चाचणी तिथल्या मुलींनीच सुरू केली. तक्रार यायच्या आधी खराब हेडसेट सापडतो.

त्रास एकच उरला आहे. फ्रीपीबीएक्सची पडदाभर भरलेली मांडणी नवख्याला घाबरवते, आणि अपडेट करायला जाणता माणूस लागतोच. तसा कोणी जवळ नसेल, किंवा ऑफिस एकच असून माणसं दोनच असतील, तर महिन्याच्या भाड्याने मिळणारी तयार क्लाउड सेवा घ्या. आणि जाहिरातीचे कॉल करायचे असतील तर साध्या दहा आकडी नंबरावरून करू नका. त्यासाठी नोंदणी करून १४० ची मालिका घ्यावी लागते, नाहीतर लाईन कापली जाऊ शकते.