आई-बाबा आलेत, गाडी दक्षिणेला न्यायची की उत्तरेला?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मे-जून लागला की हा प्रश्न ठरलेला. आई-बाबा भारतातून येऊन पंधरा दिवस झालेले असतात, जेट लॅग उतरलेला असतो, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत दोन-तीन फेऱ्या झालेल्या असतात. मग एका रात्री जेवताना बाबा सहज विचारल्यासारखं विचारतात, "मग, कुठे जायचं म्हणताय?"

आमच्याकडून दोन्ही रस्ते झालेत. दक्षिणेचा म्हणजे फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि परत. उत्तरेचा म्हणजे मॉन्ट्रियल, क्यूबेक सिटी, टोरांटो, नायगरा आणि परत. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालात तर पहिला साधारण ४०० मैलांचा, दुसरा १५०० मैलांच्या घरात. आपल्या हिशेबात सांगायचं तर पहिल्या अंतरात पुण्याहून नागपूर जेमतेम दिसायला लागेल. दुसऱ्यात दिल्ली गाठून निम्म्याहून जास्त वाट परत आलेले असाल. हा फरक नकाशावर कळत नाही, मागच्या सीटवर बसलेल्यांच्या गुडघ्यांना कळतो.

न्यूयॉर्क मी दोन्हीतून मुद्दाम वगळलंय. ते गाडीने करायचं शहरच नाही. मेट्रोपार्क स्टेशनला गाडी लावून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या लोकलने जा. जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी नेली की गर्दीच्या वेळी ९ डॉलर जादा टोल लागतो, पार्किंगचे वेगळेच.

आता निवड. ती स्थळांवरून करू नका, आधी पासपोर्ट उघडा. आई-बाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडात जायला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. "नायगरा तर पलीकडेच आहे, पूल ओलांडून येऊ" असं म्हणणारे दर वर्षी भेटतात. कॅनडाचा अर्ज अमेरिकेत बसूनही करता येतो, पण किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं. तेव्हा तो भारतातून निघण्यापूर्वीच करून ठेवलेला बरा. ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. तुम्ही स्वतः एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर तीस दिवसांच्या आत कॅनडाहून परत येण्याची एक सवलत आहे. पण तिला अटी आहेत, त्यामुळे कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय निघू नका. आणखी एक गोष्ट हमखास विसरते: आई-बाबांचा प्रवासी आरोग्यविमा कॅनडात चालतो का ते पॉलिसीत वाचून घ्या. व्हिसा नसेल तर निर्णय झालाच, दक्षिणेला जा.

आणि दक्षिणेला जाणं म्हणजे काही दुय्यम नव्हे. पहिल्यांदाच येणाऱ्या, सत्तरीच्या आसपासच्या माणसांना मी डोळे झाकून हाच रस्ता सांगेन. एका बैठकीत तीन तासांपेक्षा जास्त बसावं लागत नाही. वाटेत टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर, चहा-कॉफीला आणि पाय मोकळे करायला ठिकाणं आहेत (त्यातल्या एकाला कवी वॉल्ट व्हिटमनचं नाव आहे, टोलनाक्याजवळच्या वडापावच्या टपरीला केशवसुतांचं नाव द्यावं तसं). रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम, २०२३ मध्ये उघडलेलं, फिलाडेल्फियाच्या वाटेवरच पडतं. आमच्या आईने पहिल्या दिवशी तिथेच दोन तास काढले आणि फिलाडेल्फियातली लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा दुसऱ्या दिवसावर गेली. तसं झालं तरी काही बिघडत नाही.

फिलाडेल्फियात लिबर्टी बेल बघायला तिकीट नाही. शेजारच्या इंडिपेन्डन्स हॉलला, जिथे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, वेळ ठरवलेलं तिकीट वर्षातले बहुतेक महिने लागतं. ते ऑनलाइन घेतलं तर एक डॉलर पडतो. शाकाहारी असाल तर इथल्या प्रसिद्ध चीजस्टेकच्या (मांस आणि चीजच्या सँडविचच्या) नादी लागू नका. रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये गरम प्रेट्झेल खा. हे मार्केट १८९३ पासूनचं आहे आणि आत शिरलं की मंडईत आल्यासारखं वाटतं.

वॉशिंग्टनची खरी गंमत म्हणजे तिथे खिशात हात घालावा लागत नाही. स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत. विमानांच्या संग्रहालयाचे पासही फुकट, फक्त आधी वेळ राखून ठेवावी लागते. पण कॅपिटॉलपासून (म्हणजे संसद भवनापासून) लिंकन मेमोरियल दोन मैलांवर आहे आणि मधे सावली बेताचीच. जुलैच्या उन्हात आई-बाबांना ते चालवू नका. सकाळी एक टोक, संध्याकाळी दुसरं. लिंकन तर दिवे लागल्यावरच बघावा. गाडी शहरात आणण्यापेक्षा मेट्रोच्या बाहेरच्या एखाद्या स्टेशनवर लावा. शनिवार-रविवारी तिथलं पार्किंग फुकट असतं. मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवर भारतीय दूतावासासमोर गांधीजींचा पुतळा आहे, २००० साली वाजपेयींच्या भेटीत अनावरण झालेला. बाबांचा तिथला फोटो आमच्या सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरला.

बाल्टिमोरला मी अर्धा दिवससुद्धा देणार नाही. बंदरावर जेवायला थांबा आणि निघा. मुलं बरोबर असतील तर परतताना थोडा पश्चिमेला वळसा घेऊन हर्शीला जा, चॉकलेटचं गाव म्हणून. एकूण चार दिवस, पाचवा चैनीचा.

उत्तरेचा रस्ता वेगळ्या जातीचा आहे. त्याला आठ दिवस नसतील तर जाऊच नका. आणि स्पष्टच सांगतो, देखणेपणात दक्षिण त्याच्या जवळपासही येत नाही. मॉन्ट्रियलला पोचेपर्यंतचा अॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांतला पट्टाच पैसे वसूल करतो. क्यूबेक सिटी १६०८ साली वसलं. तटबंदी अजून उभी असलेलं हे जुनं शहर युनेस्कोच्या यादीत १९८५ पासून आहे. गावाबाहेर मॉन्टमोरेन्सीचा धबधबा ८३ मीटरचा, म्हणजे नायगऱ्यापेक्षा उंच, आणि वर जायला केबल कार आहे. पण गावातले रस्ते चढउताराचे आणि फरसबंदीचे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी वरच्या आणि खालच्या गावाला जोडणारी फ्युनिक्युलर (उतारावर रुळांवरून चढणारा डबा) आहे, ती वापरा.

मॉन्ट्रियल ते टोरांटो हा ५४० किलोमीटरचा तुकडा मात्र सपाट आणि कंटाळवाणा. तो एका दमात कापू नका. गॅननोक्वेला थांबून नदीतल्या थाउजंड आयलंड्स या बेटांमधून फिरवणारी बोट घ्या. त्यातल्या एका बेटावरच्या बोल्ट कॅसलवर उतरणारी बोट अमेरिकेच्या हद्दीत जाते, तेव्हा कागदपत्रं जवळ हवीत. टोरांटोत सीएन टॉवर (५५३ मीटर) खालून बघितला तरी चालतो, असं माझं मत आहे. नायगरा मात्र कॅनडाच्या बाजूनेच बघायचा. घोड्याच्या नालेसारखा मोठा धबधबा तिथून समोर दिसतो, अमेरिकेच्या बाजूने तो कडेवरून बघावा लागतो. उलट अमेरिकेच्या बाजूला पाण्याच्या अगदी जवळ जाता येतं आणि पार्कात शिरायला तिकीट नाही, फक्त पार्किंगचे पैसे. म्हणून व्हिसा नसला तरी नायगरा हुकत नाही; एडिसनहून ४०० मैल, मधे कॉर्निंगचं काचेचं संग्रहालय, दोन रात्री. फक्त तो वॉशिंग्टनच्या सहलीला शेपटासारखा जोडू नका. आम्ही एकदा पाच दिवसांत दोन्ही कोंबलं. सासूबाईंचे पाय सुजले, आणि घरी पोचल्यावर त्यांना काय आठवलं, तर हॉटेलातलं वॉफल करायचं यंत्र.

गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीनेही दोन रस्त्यांत फरक आहे. दक्षिणेला ताप टोलचा. ईझीपास (आपल्या फास्टॅगसारखा) असेल तर चांगलं. भाड्याच्या गाडीत कंपनीचं यंत्र वापरलं तर दिवसाचं वेगळं भाडं लागतं का ते किल्ली घेतानाच विचारा. उत्तरेला पाट्या किलोमीटरमध्ये होतात, पेट्रोल लिटरमध्ये, आणि क्यूबेकमध्ये 'स्टॉप'च्या जागी फ्रेंचमध्ये 'आरे' लिहिलेलं असतं. मॉन्ट्रियलच्या बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायला बंदी आहे. जर्सीची सवय झालेला हात आपोआप वळतो. माझा वळला होता, मागून हॉर्न आणि फ्रेंच दोन्ही ऐकू आलं. टोरांटोजवळचा ४०७ नावाचा हायवे रिकामा दिसतो तो महाग आहे म्हणून; तिथे ईझीपास चालत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल मागाहून येतं. भाड्याची गाडी कॅनडात नेणार असाल तर कंपनीला आधी सांगून ठेवा. आणि निघताना टाकी जर्सीतच भरा. इथे पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने मनाई असल्यामुळे पंपावरचा माणूसच भरून देतो, अगदी आपल्याकडच्यासारखा. आई-बाबांना अमेरिकेत ओळखीची वाटणारी ही एक गोष्ट.

खाण्याचं म्हणाल तर दक्षिणेला डबा न नेताही निभावतं. उत्तरेला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी आणि विजेची किटली घ्या. फळं मात्र सीमेआधी संपवा. मॉन्ट्रियलचे लाकडाच्या भट्टीतले बेगल बिनधास्त खा. पूटीन (चीज आणि रस्सा घातलेले बटाट्याचे फ्राइज) मागवताना वरचा रस्सा मांसाचा आहे का ते विचारा, बहुधा असतोच.

मोसमाचंही बघा. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला आई-बाबा इथे असतील तर वॉशिंग्टनच्या चेरीच्या फुलांपुढे बाकी चर्चा बंद. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतील आणि व्हिसा हातात असेल, तर उत्तरच. फक्त ऑक्टोबरचा दुसरा सोमवार टाळा, त्या दिवशी दोन्ही देशांत सुट्टी असते.

आनंदीबाई जोशी मात्र दोन्ही रस्त्यांवर भेटतात. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियात. आणि पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, पुण्यात वारल्यावर त्यांच्या अस्थी, अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या त्या हडसनकाठच्या पोकिप्सीत, मॉन्ट्रियलच्या वाटेवर. दक्षिणेला गेलात तरी उत्तरेतलं हे एवढं एक ठिकाण सोडू नका. एडिसनहून दोन तासांत होतं, संध्याकाळी घरी. दफनभूमी मोठी आहे, तेव्हा आत शिरल्यावर आधी कार्यालयात विचारा, आणि फुलं घरून निघतानाच घ्या.