मॉर्मन चर्चची ज्येष्ठ जोडप्यांची मिशन-सेवा: घराची सोय चोख, औषधांचं तुम्ही पाहा

मिशनरी म्हटलं की मराठी माणसाला नगरचं अमेरिकन मराठी मिशन नाहीतर मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल आठवतं, म्हणजे तरुणपणी येऊन उभी हयात इथे घालवलेली माणसं. मॉर्मन चर्चच्या, म्हणजे लॅटर-डे सेंट्स या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाच्या ज्येष्ठ जोडप्यांचा मामला उलटा आहे. नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, की अमेरिकेतले नवराबायको पदरच्या पैशाने 6, 12, 18 किंवा 23 महिने बाहेर पडतात. पगार नाही. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवून, ही व्यवस्था चालते कशी एवढंच इथे पाहिलं आहे. नमुन्याला पश्चिम आफ्रिकेतला घाना घेतला, कारण तयारीतल्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिथे एकदम भेटतात.

अर्ज ऑनलाइन. डॉक्टर आणि दंतवैद्याची तपासणी, बिशप (स्थानिक मंडळीचा प्रमुख) आणि स्टेक प्रेसिडेंट (अशा अनेक मंडळ्यांचा प्रमुख) यांच्या मुलाखती, मग सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयाकडून नेमणूक. आवडीचं काम किंवा देश सुचवता येतो, शेवटचा शब्द चर्चचा. धर्मप्रचारासाठी दारोदार फिरणं बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. ऑफिसचे हिशेब, मदतकार्य, वंशावळीच्या नोंदी अशी कामं असतात, आणि तरुण मिशनऱ्यांची कडक दिनचर्या यांना लागू नाही. पोरांशी, नातवंडांशी हवं तेव्हा बोला.

पैशाची बाजू सगळ्यात उत्तम. 2011 मध्ये जोडप्याच्या राहण्याच्या खर्चावर महिना 1400 डॉलरची मर्यादा घातली गेली. भाडं, वीज-पाणी, फर्निचर सगळं त्यात आलं, वरचा बोजा चर्च उचलतं. भाड्याने महागड्या शहरात हा मोठाच आधार. खाणंपिणं, औषधं, विमा मात्र आपल्या खिशातून. मुदत 18 महिन्यांपेक्षा कमी घेतली तर विमानभाडंही अंगावर पडतं. घानासाठी 6 महिने घेऊच नयेत. परकी नागरिकाला 90 दिवसांपुढे राहायचं तर नॉन-सिटिझन घाना कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचं ओळखपत्र लागतं. बँक आणि सिमकार्ड त्यावरच अडतं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना फार तर वर्षभर चालतो, पुढे डीव्हीएलए, म्हणजे तिथलं वाहन परवाना कार्यालय गाठावं लागतं. या खेपा घालून काम हाताला लागेपर्यंत सहा महिन्यांवाल्यांची परतीची तारीख जवळ आलेली असते.

प्रशिक्षण तोकडं आहे. परकी भाषा शिकणाऱ्या तरुणांना सहा ते नऊ आठवडे मिळतात, ज्येष्ठांचं आठवडाभरात उरकतं. घानाचा कारभार इंग्रजीत चालतो म्हणून निभावतं. पण राजधानी अक्राच्या बाजारात ट्वी या स्थानिक भाषेचे चार शब्द आले तर भाव वेगळा लागतो.

खरी कसोटी औषधांची. पिवळ्या तापाच्या लसीशिवाय घानात प्रवेश नाही. टोचल्यानंतर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. क्वचित होतात, तरी होतात. तेव्हा नेमणूक हाती येण्याआधीच प्रवासी-आरोग्याच्या डॉक्टरांशी बोला. लस नको असं त्यांनी लिहून दिलं तरी ते मानायचं की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

मलेरियाच्या गोळ्या सगळा मुक्काम घ्यायच्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, निघण्याआधी 1-2 दिवस सुरू, परतल्यावर 7 दिवस चालू. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण उन्हात कातडी भाजते आणि परतल्यावर 4 आठवडे घ्यावी लागते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच, म्हणून मोह होतो. नैराश्याचा इतिहास किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकन विमा एका वेळी बहुधा 90 दिवसांच्याच गोळ्या देतो. दीड वर्षाचा साठा हवा तर खास परवानगीसाठी दोन-तीन महिने आधी मागे लागा. औषधं मूळ बाटल्यांत, चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव, आणि सगळं हातातल्या बॅगेत. मागाहून टपालाने मागवू म्हणाल तर कस्टममध्ये अडकण्याची दाट शक्यता.

मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेर जवळपास चालत नाही, म्हणून परदेशात चालेल असा वेगळा आरोग्यविमा घ्यावाच लागतो. मग दोन दोन हप्ते कशाला, म्हणून मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा हप्ता भरायचा भाग, बंद करायचं मनात येतं. करू नका. पुन्हा घेताना प्रत्येक पूर्ण 12 महिन्यांच्या खंडामागे हप्ता 10 टक्क्यांनी चढतो. परदेशी स्वयंसेवकांना सवलत आहे, पण किमान 12 महिन्यांची सेवा आणि त्या काळातला विमा दाखवावा लागतो.

विजेचंही बघा. घानात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, जाड तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग. लॅपटॉप, फोन आणि बहुतेक सीपॅप यंत्रं (झोपेत श्वास अडणाऱ्यांना हवा पुरवणारी) 100 ते 240 व्होल्टवर चालतात, नुसता प्लग बदलला की झालं. अमेरिकन मिक्सर जड ट्रान्सफॉर्मरशिवाय तिथे चालत नाही. तो घरीच ठेवा. वीज जाण्याला तिथे डुमसोर म्हणतात. सीपॅप असेल तर बॅटरी न्याच. प्यायचं पाणी रस्तोरस्ती 500 मिलिच्या सीलबंद पिशवीत मिळतं. कोपरा दाताने तोडून पितात, तेव्हा पिशवी आधी पुसून घ्या.

मागे राहिलेल्या घराचं कुणी सांगत नाही. अनेक गृहविम्यांत घर 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं की तोडफोडीसारखी भरपाई बंद होते. कंपनीला आधी लेखी कळवा नाहीतर कुणाला राहायला ठेवा. मुलांपैकी एकाला नोटरी केलेलं मुखत्यारपत्र द्या आणि ते बँकेला आधी दाखवून घ्या, कारण काही बँका स्वतःचाच फॉर्म मागतात. अमेरिकन फोन नंबर स्वस्तातल्या प्लॅनवर जिवंत ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि इंटरनेटवरचे नंबर सगळ्या बँकांना चालत नाहीत.