पांदणीतली विदेशी पिकअप : चौदा महिन्यांनंतर

कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिसवाल्यांशी वाद अजून मिटायचा आहे. गाडी विदेशी कंपनीची, सिंगल कॅब, बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) डिझेल. आमच्या वरूड तालुक्यात जिकडे पाहावं तिकडे बोलेरो पिकअप. तरी मी ही घेतली, कारण चेसिस दणकट वाटली आणि तासभर चालवून पाठ दुखली नाही. या दोन्ही बाबतीत आजही तक्रार नाही. संत्र्याचे कॅरेट भरून पावसाळ्यातल्या पांदणीतून काढली, कुठं फसली नाही.

जीव खाल्ला तो डीपीएफच्या, म्हणजे धुराच्या नळीतल्या फिल्टरच्या, पिवळ्या लाइटनं.

पहिल्यांदा लागला संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीत. दिवसभर वावर ते गाव, गाव ते वावर, सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. दोन दिवसांनी गाडीची ताकदच गेली, चाळीसच्या वर जाईना. सर्व्हिस सेंटर नागपूरला. फोनवर एकच उत्तर, "गाडी घेऊन या." भरलेला माल दुसऱ्याच्या गाडीत टाकला, त्याचं भाडं दिलं, आणि ही रखडत नागपूरला नेली. बिल साडेसहा हजार. वॉरंटीत बसत नाही म्हणाले. काय बिघडलं होतं ते मात्र कोणी सांगितलं नाही. त्या रात्री घरी सांगून टाकलं, ही विकायची.

दीड महिन्यात पुन्हा तोच लाइट. या वेळी वरूडच्याच एका जुन्या डिझेल मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी ऑइलची पट्टी ओढून दाखवली. ऑइल खुणेच्या वर चढलेलं! म्हणाले, "भाऊ, गाडी वावरातच फिरून राह्यली. फिल्टरमधली काजळी जळाले पाह्यजे, अन् तुमी मंधातच चाबी बंद करता."

तेव्हा कुठं उलगडा झाला. फिल्टर धुरातली काजळी अडवतो. तो भरत आला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळतं. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग पळणं लागतं. मध्येच गाडी बंद झाली की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

म्हणजे विदेशी गाडीला मी उगाच दोष देत होतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, तेव्हापासून देशी डिझेल पिकअपलाही हेच लागू. फरक एवढाच की त्यांचा बिघाड तपासणारा स्कॅनरवाला तालुक्यात बसतो आणि आमचा नागपुरात. हा फरक मला महागात पडला. मला गाडी विकताना शोरूमवाल्यांनी "गाडी कुठं चालणार?" एवढं विचारलं असतं तर माझे साडेसहा हजार वाचले असते, याचा राग अजून आहे.

गावात सल्ले मिळाले, फिल्टर काढून सरळ पाइप टाक. नाही टाकला. ते बेकायदेशीर, वॉरंटी जाते, आणि तो काळा धूर आपल्याच पोरांच्या नाकात जाणार.

आता लाइट दिसला की चाबी बंद करत नाही. फक्त फिल्टरसाठी डिझेल जाळणं मला परवडत नाही, म्हणून नागपूरच्या कळमना मार्केटची खेप आठवड्यातून एकदा याच गाडीनं करतो, काटोल मार्गे, म्हणजे गाडी सलग पळते आणि काजळी जळते. गेले सात महिने गाडी थांबलेली नाही. विकायचा विचार सोडला.

पुढच्या महिन्यात सर्व्हिस आहे. या फिल्टरला कमी राखेचं ऑइलच लागतं, दुसऱ्या ऑइलची राख त्यात साचते आणि ती जळत नाही. डबा माझ्यासमोर फोडायला लावणार आहे.