बडोद्यातली युवा फेलोशिप: मुलांना पाठवावं का?

मुलीने केली म्हणून लिहितेय, संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही कारण तक्रारही आहे. सुरुवातीचे वर्कशॉप नुसते टाइमपास, लीडरशिपवर पीपीटी, चार्ट पेपरवर स्केचपेननं फुलं काढा, मग ग्रुप फोटो. पण फील्डवर्क सुरू झालं आणि मजा आली हं! ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय, तर ह्या पोरांनी तोच विषय घेतला, सोसायट्यांमधून फिरून पाणी कुठपर्यंत आलं, नाला कुठे बुजलाय ते नकाशावर मांडलं आणि मग माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील कोणाकडे, हे सगळं बसून शिकवलं त्यांना. आपल्याकडे १९ वॉर्ड आणि प्रत्येकात ४ नगरसेवक, हे मला तरी कुठे माहीत होतं, दांडिया बाजारात जन्म गेला! गुजरातीत फाडफाड बोलणारी आमची पोरं अर्ज लिहायला बसली की अडतात, तिथे मेंटर ताईंनी खरंच मेहनत घेतली.

आता तक्रार. स्टायपेंड फार उशिरा आला, फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे'. रिक्षाचे पैसे घरूनच गेले. ज्यांच्या घरी ते जमत नाही ती मुलं मध्येच गळली, आणि खरं तर वस्तीतली तीच मुलं हवी होती ना? साडेतीन स्टार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असेल तर पाठवा, बारावीला नको.