एचआरएमएन-९९ आणि अ‍ॅना: तीन वर्षं आणि एक प्लॅस्टिकची पट्टी

आधी भांडण सांगतो, चव नंतर.

डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकला घरामागे सफरचंदाची दोन कलमं लावली. एक एचआरएमएन-९९, एक अ‍ॅना. घासाघीस करूनही प्रत्येकी ४५० रुपये गेले. कमी थंडीत येणारी सफरचंदं, एचआरएमएन-९९ काढणाऱ्या हिमाचलच्या हरिमन शर्मांना २०२५ मध्ये मिळालेली पद्मश्री, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार. मी सांगतोय ते पट्टीचं.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात अ‍ॅना मोडली. फांदी नव्हे, अख्खं झाड, बरोब्बर कलमाच्या जोडावर, खडू मोडावा तसं. अंगावर पेरूएवढी चौदा कच्ची फळं. बुंधा हातात घेतला तर आत प्लॅस्टिकची पट्टी! कलम बांधताना गुंडाळलेली, तशीच राहिलेली. साल तिच्यावरून वाढली आणि पट्टी आत रुतत गेली. पानांतलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते तिथेच अडायचं, म्हणून जोडाच्या वर बुंधा फुगला होता. आणि तो फुगवटा मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो, "बघा, जोड कसा धरलाय!"

रोपवाटिकेला फोन केला. "काका, पट्टी तर सगळेच काढतात." सगळेच म्हणजे कोण? रोपासोबत दहा ओळींचा कागद दिला होता, त्यातल्या तीन ओळी ‘लाल, गोड, रसाळ’ यावर खर्च केलेल्या. पट्टीबद्दल अक्षर नाही. नवं रोप अर्ध्या किमतीत देतो म्हणाले. चूक त्यांची आणि २२५ रुपये माझे? फोन ठेवला. चौदा फळांचा बायकोने मेथांबा केला. तो उत्तम झाला, हे मान्य करावं लागेल.

एचआरएमएनची पट्टी पहिल्याच वर्षी खुरपणीत निघून गेली होती. माझी हुशारी शून्य.

त्या झाडाबद्दल मात्र माझं मत बदललं. पहिली दोन वर्षं नुसती पानं. काळी जमीन, पावसाळ्यात मुळाशी पाणी. मुरूम घालून वाफा उंच केला तेव्हा कुठे जीव धरला. तरी फूल नाही. दिंडोरीचे मामा द्राक्षवाले. ते म्हणाले, "अरे, तुझं झाड झोपलंच नाही, तर उठेल कसं? ताण दे." आपली थंडी झाडाला झोपवण्याएवढी टिकत नाही. मग २०२४ च्या डिसेंबरात पाणी तोडलं आणि महिनाअखेरीस दोन्ही झाडांची पानं हाताने ओरबाडली. शेजारच्या आजी म्हणाल्या, वेडा झालाय. फेब्रुवारीत गुलाबी-पांढरी फुलं आली तेव्हा त्याच आजी रोज सकाळी कुंपणाशी उभ्या.

जूनमध्ये नऊ सफरचंदं मिळाली. पोपटांनी नेलेली धरत नाही. रंग पिवळा, एका गालावर लाली. लालभडक होणार नाहीत, त्याला रात्रीचा गारवा लागतो. चव आंबटगोड, करकरीत. ठेवलं तर आठवड्यात पिठूळ होतं, तेव्हा झाडावरून थेट तोंडात. रोपं, शेणखत, निंबोळी पेंड, पोपटांसाठी जाळी धरून १,७४० रुपये झाले, म्हणजे सफरचंद १९३ रुपयांना एक. बाजारात तेवढ्यात किलोभर येतात, हे बायकोने सांगून झालंय.

इथे पुन्हा पट्टी. जुलैत अ‍ॅनाच्या खुंटाला, म्हणजे ज्या दुसऱ्या झाडावर तिचं कलम बांधलं होतं त्याच्या जोडाखाली उरलेल्या बुंध्याला, तरारून फूट आली. मी पेढे वाटायच्या बेतात. मामा म्हणाले, "ती खालच्या खुंटाची फूट आहे. फळ आलं तरी अ‍ॅनाचं येणार नाही." तेव्हा एकच जोमदार फूट राखली आणि यंदा जानेवारीत तिच्यावर मामांनी एचआरएमएनची काडी घेऊन पाचर कलम केलं, म्हणजे फूट चिरून त्यात काडी खोचली. द्राक्षाची हजारो केलेला हात, पाच मिनिटांत मोकळे झाले. खर्च एक चहा. मग पट्टी गुंडाळायला लागले तसा मी त्यांचा हात धरला.

"गुंडाळू दे," म्हणाले, "नाहीतर जोड वाळेल. फक्त वेळेवर काप."

काडीला तीन पानं फुटली आहेत. पट्टी कापायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, लाल शाईने लिहिली आहे.