रेडकॅप: अनेक केंद्रांनी मिळून एचआयव्हीचं संशोधन करायचं असेल तर

रेडकॅप फुकट मिळतं हे खरं, पण अर्धंच. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ साली तयार झालेली, संशोधनाची माहिती ब्राउझरमधून भरून साठवण्याची ही प्रणाली ना-नफा संस्थांना परवाना करारावर विनामूल्य मिळते. सर्व्हर, त्यावरची पीएचपी आणि मायएसक्यूएल ही सॉफ्टवेअरं, बॅकअप आणि हे सगळं सांभाळणारा माणूस मात्र आपला. सुदैवाने राज्यभरातली दहा केंद्रं एकत्र येत असतील तर दहा ठिकाणी ती बसवावी लागत नाही. एका संस्थेने परवाना घ्यायचा, तिच्या सर्व्हरवर प्रकल्प उघडायचा, बाकीच्यांना लॉगिन द्यायचं. त्यांना ब्राउझर पुरतो. सांभाळणाऱ्या माणसावर काटकसर केली की ती लगेच जाणवते: फॉर्ममधला एक शब्द बदलायचा तरी मंजुरीसाठी पंधरवडा वाट पाहायची.

संशोधकांची जुळवाजुळव बहुधा एकाच प्रश्नावर अडते. आमच्या रुग्णांची माहिती दुसऱ्या केंद्राला दिसणार का? एचआयव्हीच्या बाबतीत हा प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा नाही. रेडकॅपकडे त्याचं उत्तर आहे ते डेटा अ‍ॅक्सेस ग्रुप. प्रत्येक केंद्राचा एक गट करायचा आणि त्या केंद्राच्या माणसांना त्यात टाकायचं. मग त्यांना फक्त स्वतःच्या नोंदी दिसतात, अहवाल आणि निर्यातही तेवढ्याचीच होते. नोंदीच्या क्रमांकाआधी गटाचा क्रमांक आपोआप लागतो, त्यामुळे दोन केंद्रांचे क्रमांक एकमेकांवर चढत नाहीत. दोन-तीन केंद्रांवर देखरेख करणाऱ्याला गट बदलण्याची सोय देता येते.

घोटाळा होतो तो इथेच. ज्याला कुठल्याच गटात टाकलेलं नाही, त्याला सगळ्या केंद्रांच्या नोंदी दिसतात. म्हणजे नवा डेटा एंट्री ऑपरेटर रुजू झाला, घाईत त्याला हक्क दिले आणि गट द्यायचा राहिला, तर अख्ख्या राज्याचे रुग्ण त्याच्यासमोर उघडे. कुठलीही घंटा वाजत नाही. गटांच्या पानावर तळाशी ‘गट नसलेले’ अशी ओळ असते. महिन्यातून एकदा ती पाहावी, तिथे समन्वयक आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्याखेरीज कोणी असता कामा नये. याची उलटी बाजूही आहे. समन्वयकाने स्वतः नोंद उघडली आणि तिला गट दिला नाही, तर ती एकाही केंद्राला दिसत नाही आणि ‘आमचा रुग्ण गायब झाला’ म्हणून फोन येतात.

पण रेडकॅप कितीही नीट बसवलं तरी खरं सहकार्य ठरतं ते डेटा डिक्शनरीत (रकान्यांची नावं, प्रकार आणि पर्याय ठरवणाऱ्या यादीत), पहिली नोंद भरण्याच्या आधी. व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) एका साध्या रकान्याचं उदाहरण पुरे. रकान्याला ‘फक्त अंक’ असं बंधन घातलं की ‘<२०’, म्हणजे २० पेक्षा कमी, असं लिहिता येत नाही. मग एक केंद्र २० भरतं, दुसरं ०, तिसरं १९, आणि चौथं रकाना कोरा ठेवतं. बंधन काढलं तर ‘नाही सापडला’पासून प्रयोगशाळेच्या संक्षेपांपर्यंत सगळं येतं. उपाय असा: एका चाचणीसाठी चार रकाने करावेत. चिन्ह (कमी, बरोबर, जास्त), आकडा, त्या यंत्राची शोधमर्यादा (ज्याखाली यंत्राला विषाणू मोजता येत नाही तो आकडा) आणि नमुना घेतल्याची तारीख. शोधमर्यादा वेगळी हवीच, कारण एका यंत्राची मर्यादा प्रति मिलीलीटर २० कॉपी (विषाणूच्या प्रती) असते, दुसऱ्याची ४०, आणि वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवर केलेल्या चाचणीची त्याहून कितीतरी वर. तारीख अहवालाची नको, नमुन्याची हवी. दोन्हींत आठवड्यांचा फरक पडू शकतो. शिवाय लॉगमधला (दहाच्या घातांकातला) ४.३ हा आकडा कॉपींच्या रकान्यात बिनबोभाट बसतो. किमान-कमाल मर्यादा घातली तरी रेडकॅप नुसती सूचना दाखवतं, जतन करायला अडवत नाही. म्हणून डेटा क्वालिटीचे नियम वेगळे लिहून आठवड्याला चालवावे लागतात.

औषधांचंही तसंच. तीन औषधांची एकच गोळी कोणी एक ओळ म्हणून भरतं, कोणी तीन. आमचं मत तीन ओळींच्या बाजूने: प्रत्येक औषध, सुरुवात, शेवट, बंद करण्याचं कारण. यासाठी पुनरावृत्त होणारा (एका रुग्णासाठी अनेकदा भरता येणारा) फॉर्म वापरावा. एटीसी कोड (औषधांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण-क्रमांक) घेतले तर त्यांची आवृत्तीही ठरवून घ्यावी, कारण डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाचा कोड मध्यंतरी बदलला आणि जुन्या-नव्या यादीत तो वेगळा दिसतो. रकान्यांची नावं स्वतः शोधून काढण्यात शहाणपण नाही. एचआयव्ही समूह-अभ्यासांसाठी हिकडेप (HICDEP) आणि आयडिया (IeDEA) या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याचं मानक, असे दोन तयार आराखडे आहेत. त्यातला एक उचलला की पुढे दुसऱ्या राज्याशी किंवा देशाशी डेटा जुळवताना रडावं लागत नाही.

प्रकल्प ‘प्रॉडक्शन’मध्ये (खरी माहिती भरण्याच्या टप्प्यात) गेल्यावर एक चूक मात्र कधीच करू नये: पर्यायांचे क्रमांक बदलणं. १ म्हणजे ‘संपर्क तुटला’ आणि २ म्हणजे ‘मृत्यू’ असताना कोणी यादी ‘व्यवस्थित’ करून ते उलटे केले, तर जुन्या नोंदींतले संपर्क तुटलेले सगळे रुग्ण एका रात्रीत मृत होतात. आकडा तोच राहतो, अर्थ बदलतो. बदल सादर करताना रेडकॅप इशारा देतं, पण तो वाचणारा माणूस लागतो. नवा पर्याय नेहमी शेवटी, नव्या क्रमांकाने. नकोसा झालेला पर्याय पुसायचा नाही, लपवायचा.

निर्यातीचे हक्क चांगले बारकाईने देता येतात. ‘ओळख काढून’ हा हक्क दिला की ओळखीची खूण केलेले रकाने, मोकळा मजकूर आणि तारखा सगळंच गळून पडतं. मोकळ्या मजकुराचं गळणं महत्त्वाचं, कारण नावं आणि फोन नंबर सापडतात ते शेऱ्यांतच. पूर्ण निर्यात करणाऱ्याला तारखा सरकवण्याची सोय आहे: एका रुग्णाच्या सगळ्या तारखा ० ते ३६४ दिवसांतल्या एकाच अंतराने सरकतात. औषध सुरू झाल्यापासून विषाणू दबेपर्यंतचा काळ त्यामुळे अबाधित राहतो. पण कुठल्या साली नवं मार्गदर्शक तत्त्व आलं आणि त्यानंतर काय बदललं, असा अभ्यास असेल तर सरकवलेल्या तारखा निरुपयोगी, हे आधीच ठरवून परवानगी घ्यावी. आणि नाव काढलं म्हणजे ओळख गेली असंही नाही. लहान केंद्रात वय, लिंग, संसर्गाचा मार्ग आणि साल एवढ्यावर माणूस ओळखू येतो.

रेडकॅपची सर्वांत मोठी उणीव याच गोपनीयतेतून येते. रुग्ण न सांगता एका केंद्रातून दुसऱ्यात जातो. पहिल्याच्या नोंदीत तो ‘संपर्क तुटला’, दुसऱ्याच्या नोंदीत ‘नवा’. गटांच्या भिंतींमुळे कोणालाच जोड दिसत नाही आणि वेगवेगळ्या लिहिलेल्या नावांवरून नोंदी जुळवण्याचं साधन यात नाही. नाव, जन्मतारीख वगैरेंवरून केंद्राच्याच संगणकावर, सामायिक गुप्त किल्लीने सांकेतिक ओळख बनवून तेवढीच रेडकॅपमध्ये भरणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. नावाचं एक अक्षर बदललं तरी सगळी ओळख बदलते, म्हणून लिहिण्याचे नियम आधी ठरवावेत. एक सोपी चाळणी मात्र लगेच लावता येते: ‘नवा’ रुग्ण पहिल्याच तपासणीत विषाणू दबलेला दिसत असेल, तर बहुधा तो आधीपासून कुठेतरी औषधं घेतोय.

ऑफलाइन मोबाइल अ‍ॅप गावोगावच्या सर्वेक्षणाला ठीक. एकाच रुग्णाची नोंद दोन फोनांवर उघडली की जुळवताना डोकेदुखी. विषाणूच्या जनुकीय क्रमांच्या फाइल्स जोडता येतात, त्यांत शोध घेता येत नाही. त्या वेगळ्या ठेवून इथे फक्त क्रमांक ठेवावा. दवाखान्याचं रोजचं काम चालवायचं असेल तर ओपनएमआरएस पाहा, मासिक बेरजा गोळा करायच्या असतील तर डीएचआयएस२. या दोन कामांसाठी रेडकॅप ओढूनताणून वापरलेलं पाहून वाईट वाटतं.

घ्यायचं ठरलं तर प्रॉडक्शनमध्ये जाण्यापूर्वी प्रत्येक केंद्राकडून दहा काल्पनिक रुग्ण भरून घ्या, त्यात शोधमर्यादेखालचा एक, औषध बदललेला एक आणि मृत एक तरी असू द्या. मग सगळी निर्यात संख्याशास्त्रज्ञाच्या हातात द्या. पुनरावृत्त होणाऱ्या फॉर्मच्या ओळींत मूळ माहितीचे रकाने कोरे दिसतील. ते गहाळ नाहीत, निर्यातीची रचनाच तशी आहे. हे त्याला माहीत आहे का, एवढं तेव्हाच विचारून घ्या.