ओल्या हाताने पान उलटत नाही: ई-रीडरचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या मंगळवारी ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं मशीन, चार्जिंगला लावला, तर केबल पकडेचना. डावीकडे दाबून धरली की चार्जिंग सुरू, सोडली की बंद. शेवटी केबलवर मिसळणाचा डबा ठेवून रात्र काढली. सकाळी पाहतो तर चार टक्के. त्या रागातच हे लिहायला घेतलं होतं. लिहून होईपर्यंत मशीन दुरुस्त झालं, म्हणून राग थोडा निवळलाय. थोडाच.

दिवाळीनंतर सोयाबीनचा चुकारा हातात आला तेव्हा घेतलेलं हे मशीन. सहा इंची, काळं-पांढरं, कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल. स्पेक तुम्हाला माहीतच असतील, ते सांगत बसत नाही. कंपनीचं नावही मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळ्याच कंपन्यांना लागू होतं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. शेतीची थ्री-फेज लाईन आमच्याकडे काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. हिवाळ्यात हरभऱ्याला स्प्रिंकलर लावला की दर दोन-तीन तासांनी पाईप उचलून पुढे न्यायचे आणि मधल्या वेळात मोटारीच्या खोलीसमोर पोतं अंथरून बसायचं. आधी मी मोबाईल पाहत बसायचो. मोबाईलवरून मान वर केली की दोन मिनिटं समोर काळाकुट्ट अंधार, रानडुक्कर धुऱ्यावर उभं असलं तरी दिसायचं नाही. ई-रीडरचा उजेड अगदी कमी करून वाचलं तर नजर उचलताच पाईपाची ओळ दिसते, कोणता नोझल फिरत नाही तेही कळतं. वाचनापेक्षा ओलितासाठीच मशीन कामाचं निघालं म्हणा. घरी मात्र बोलणी खाल्ली: "तुम्ही वावरात ओलित कराले जाता का पुस्तक वाचाले?"

आता बटणाचं.

पाईप उचलून आलं की हात चिखलाने भरलेले असतात, नाहीतर नुसतेच ओले. ओल्या बोटाला हा टच स्क्रीन एकतर दाद देत नाही, नाहीतर एकदम चार पानं पुढे जातो. नोझलचा एक थेंब स्क्रीनवर पडला की आपोआप पान उलटतं. पुढे गेलेलं पान शोधायचं तरी त्याच ओल्या बोटाने! डिसेंबरात मी नाकाने पानं उलटायला शिकलो. हसू नका, नाकाला टच बरोबर लागतो. पण मोटारीच्या खोलीसमोर एक माणूस दर मिनिटाला पाटीवर नाक घासतोय, हे दृश्य शेजारच्या वावरातल्या गड्याने पाहिलं आणि गावभर केलं.

कडेला दोन साधी बटणं असती तर हे काहीच झालं नसतं. २००७ साली ॲमेझॉनचं पहिलं किंडल निघालं तेव्हा त्याला पान उलटायची बटणं होती. बटणवालं किंडल ओॲसिस २०२४ मध्ये बंद झालं. कोबो कंपनीच्या लिब्रा मॉडेलला अजून बटणं आहेत, पण किंमत पाहिली की वाटतं, तेवढ्यात एक नोझलचा सेट येईल. वॉटरप्रूफ मॉडेल घ्या, असा सल्ला कुणी देईल. त्यावर आयपीएक्स८ असा पाण्यात टिकण्याचा दर्जा लिहिलेला असतो, कंपन्या म्हणतात दोन मीटर गोड्या पाण्यात साठ मिनिटं टिकतं, मान्य. मशीन टिकेल हो, पण ओल्या बोटाने पान उलटेल का? मला विहिरीत बसून वाचायचं नाही.

बॅटरीचा हिशोबही सांगतो. जाहिरातीत "सहा आठवडे" असतं आणि खाली बारीक अक्षरात "रोज अर्धा तास वाचल्यास". सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, रोज अर्धा तास धरला तर झाले एकवीस तास. मी ओलिताच्या रात्री चार तास वाचतो, म्हणजे पाच रात्रींत संपली. तरी तक्रार नाही. ई-इंकमध्ये, म्हणजे या मशीनच्या स्क्रीनमध्ये, काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले की पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, जी लागते ती पान बदलताना आणि उजेडाला. मोबाईल एका रात्रीत झोपतो.

जानेवारीत मी या मशीनला एक तारा द्यायच्या बेतात होतो. कारण "ऱ्या". विकत घेतलेल्या पुस्तकात "शेतकऱ्याने" ऐवजी सगळीकडे "शेतकर्याने", "वऱ्हाड" ऐवजी "वर्हाड" आणि "पऱ्हाटी" ऐवजी "पर्हाटी". पऱ्हाटी वेचणाऱ्याच्या हातात हे असलं पुस्तक! दोन महिने मशीनला शिव्या घातल्या. मग पुतण्याने तेच पुस्तक मोबाईलवर उघडलं आणि म्हणाला, "काका, इथंही तसंच दिसते." खोट फाइलमध्ये होती. हा अर्धा र लिहिताना कधी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेतात, तर कधी र आणि हलन्तापुढे (पाय मोडायच्या खुणेपुढे) एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. फाइल बनवताना ते चिन्ह गळलं की र डोक्यावर चढतो आणि रफार होतो. दुसऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकात सगळे "ऱ्या" जागच्या जागी होते. तेव्हा या बाबतीत मशीनची माफी मागतो. मुक्ता नावाचा फॉन्ट बाहेरून टाकता आला, तेव्हापासून जोडाक्षरंही ठसठशीत दिसतात.

शब्दकोशाचं मात्र माफ नाही. इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, मराठी शब्दावर काहीच नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, तो आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतात. मग मशीनमध्ये टाकायला काय हरकत आहे?

पीडीएफचं विचारू नका. कृषी विद्यापीठाची पुस्तिका उघडली तर अक्षरं तिळाएवढी. मोठी करावी तर ओळ स्क्रीनबाहेर. मशीनसोबतच्या माहितीपत्रकात लिहिलंय की ते ३५ अंशांपर्यंत वापरावं. आमचा मे महिना वाचून लिहिलेलं दिसत नाही. टिनाच्या खोलीत ठेवलं तेव्हा पान उलटल्यावर मागच्या अक्षरांची सावली राहत होती, एवढंच. बंद काही पडलं नाही.

आता पोर्ट. माझं मशीन जुन्या मायक्रो-यूएसबीचं आहे. घरात बाकी सगळं टाइप-सी, या एकट्यासाठी वेगळी केबल सांभाळायची. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या ई-रीडरलाही टाइप-सी सक्तीचं झालं, म्हणजे पुढच्या खरेदीत हा त्रास नसेल. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला. अठरा मिनिटं गाणं ऐकवलं, मग पिनकोड विचारला, मग म्हणे तुमच्या भागात पिकअप नाही, आणि दुरुस्तीही नाही, नवीन घेतलं तर सूट देऊ. सूट किती? विचारलंच नाही.

एसटीने दारव्ह्याला गेलो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने मशीन उघडलं, पोर्ट काढला, दुसरा बसवला, पाऊण तासात चार्जिंगची खूण आली. तीनशे रुपये. पिकअपची वाट पाहत बसलो असतो तर पेरणी होऊन गेली असती.

निघताना त्याला विचारलं, कडेला पान उलटायची दोन बटणं बसवता येतील का? त्याने मशीन उलटंसुलटं करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, बटणवाला मोबाईल पाहिजे असल तर सांगा, आहे आपल्याकडे."